जखमी पक्षकाराचा अपघात दावा: केस पेपरपासून रक्कम खात्यात पडेपर्यंत

मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे मृत्यूचा दावा जखमीच्या दाव्यापेक्षा सोपा जातो. वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे सिद्ध झाली की मृत्यूच्या दाव्यातले बाकीचे गणित जवळपास ठरलेले असते. जखमीचा दावा तसा नसतो. पक्षकार स्वतःच्या पायांनी चालत पिंजऱ्यात येतो, न्यायाधीशांना तो धडधाकट दिसतो, आणि त्याची कमाई कायमची किती घटली हे वकिलाला कागदांनी दाखवावे लागते. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला जोडला की काम झाले, असे समजणाऱ्यांचे दावे इथेच निम्म्यावर येतात. महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांत हे काम नव्याने हाती घेणाऱ्या वकिलांसाठी ही माहिती आहे.

मुदत आणि फी

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये दावा दाखल करायची सहा महिन्यांची मुदत परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर फाइल कपाटात ठेवू नका. अपघाताची तारीख फाइलच्या वरच्या कव्हरवर लाल शाईने लिहा आणि पाचवा महिना संपायच्या आत अर्ज दाखल करा. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल कलम १६६(४) खाली दावा म्हणून धरता येतो. तो ९० दिवसांत यायला हवा. तो आला तर उत्तम, पण आपला अर्ज त्याच्यासाठी अडवून धरू नये.

उपचार चालू आहेत, अपंगत्वाचा दाखला मिळालेला नाही, म्हणून थांबायचे कारण नाही. हातात असलेल्या कागदांवर दावा दाखल करा, दाखला नंतर दुरुस्ती अर्जाने किंवा पुराव्याच्या वेळी आणा. कलम १७१ खाली व्याज दाव्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना पक्षकाराच्या खिशातून जातो.

फी पहिल्या भेटीत ठरवा आणि पावती द्या. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. दवाखान्याच्या दारात माणूस उभा करून पक्षकार आणणेही त्या नियमांत बसत नाही. दोन्ही प्रकार सर्रास चालतात हे खरे, पण अशा फाइलींत पुढे पक्षकार आणि वकील यांचेच भांडण लागते.

कॅज्युअल्टीच्या कागदावरची पहिली ओळ

पक्षकार आला की आधी डिस्चार्ज कार्ड बघू नका. अपघातानंतर ज्या दवाखान्यात त्याला प्रथम नेले तिथला कॅज्युअल्टी पेपर आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद मागा. त्यात वरच्या बाजूला अपघाताची हकीकत एका ओळीत लिहिलेली असते: कधी, कुठे, कोणत्या वाहनाने, आणि ही माहिती कोणी दिली. तिथे 'मोटरसायकल घसरून पडला' असे लिहिले असेल आणि फिर्यादीत 'टेम्पोने मागून धडक दिली' असेल, तर विमा कंपनीचा सगळा बचाव त्या एका ओळीवर उभा राहतो. अशी नोंद बहुधा घाईत होते. पेशंट बेशुद्ध असतो, आणणारा वाटसरू असतो, आणि तो 'गाडीवरून पडले' एवढेच सांगतो.

ही विसंगती पहिल्याच दिवशी सापडली तर उपाय आहे. माहिती देणाऱ्याचे नाव शोधा, त्याचे शपथपत्र घ्या, आणि नोंद करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावून 'ही हकीकत पेशंटने स्वतः सांगितलेली नव्हती' एवढे रेकॉर्डवर आणा. उलटतपासात ती ओळ पहिल्यांदा समोर आली तर सावरायला जागा उरत नाही.

आंतररुग्ण विभागाचे संपूर्ण केस पेपर लेखी अर्ज करून मागवा. वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यायचे असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षेच जपून ठेवायचे बंधन डॉक्टरांवर आहे. दावा पुराव्यावर यायला तेवढा वेळ सहज जातो, म्हणून अर्ज आत्ताच करा. एक्स-रेच्या फिल्म काळवंडतात, उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात. प्रत्येक फिल्मचा उजेडावर धरून फोटो काढा आणि सीडी मिळत असेल तर मागून घ्या.

पोलिसांचे कागद

फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा, वाहनाचा जप्ती पंचनामा, आरटीओचा तपासणी अहवाल, साक्षीदारांचे जबाब, चालकाचा परवाना, आरसी, पॉलिसी, परमिट, फिटनेस, दुखापत प्रमाणपत्र आणि शेवटी दोषारोपपत्र, असा हा संच. सगळ्यांच्या नकला घ्या, पण वाचताना तीन ठिकाणी थांबा.

पहिले ठिकाण म्हणजे वाहनाचा नंबर कधी आणि कोणाकडून आला. फिर्यादीत 'अनोळखी वाहन' आणि वीस दिवसांनी पुरवणी जबाबात अचानक पूर्ण नंबर, असे असेल तर गाडी मागाहून घुसवल्याचा आरोप होणारच. नंबर देणारा साक्षीदार तिथे का होता आणि इतके दिवस गप्प का राहिला, याचे उत्तर आधी मिळवा. ते पटणारे नसेल तर दावा घेऊ नका. वाहन खरोखरच सापडले नसेल तर हिट अँड रनच्या योजनेत कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो.

दुसरे ठिकाण, आरटीओच्या अहवालातले नुकसान. धडक मागून बसल्याचे म्हणणे असेल आणि टेम्पोचा पुढचा बंपर व डावा दिवा फुटलेला असेल, तर ते जुळते. नुकसान फक्त उजव्या बाजूला असेल तर घटनेचे वर्णन पुन्हा तपासा. तिसरे, पंचनाम्यातली रस्त्याची रुंदी, घसरल्याच्या खुणा आणि गाडी कुठल्या बाजूला थांबली होती. निष्काळजीपणा फौजदारी खटल्याइतका कडक सिद्ध करावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे झुकले की पुरते. पण ते झुकायला नकाशा तरी नीट हवा.

हेल्मेट नव्हते किंवा दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावर सहभागी निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होत नाही. त्या गोष्टीचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध विमा कंपनीने दाखवायचा असतो. दोन वाहनांच्या धडकेत तिसराच, म्हणजे रिक्षातला प्रवासी किंवा पादचारी, जखमी झाला असेल तर त्याला दोहोंपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते. तरी दोन्ही गाड्यांचे मालक आणि विमा कंपन्या सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते पक्ष) करून घ्याव्यात.

सीसीटीव्हीचे फुटेज बऱ्याच ठिकाणी थोड्याच दिवसांत पुसले जाते. पेट्रोल पंपाला किंवा दुकानदाराला लगेच लेखी पत्र द्या. फुटेज मिळाले की भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइलची ओळख पटवणारा आकडा) घ्या, नाहीतर पेनड्राइव्ह निशाणीवर, म्हणजे पुराव्याच्या यादीत, येऊनही वाचला जाणार नाही.

सामनेवाले आणि पॉलिसी

गाडी विकली होती, नावावर करायची राहिली होती, हा मालकाचा बचाव नेहमीचा. अपघाताच्या तारखेला आरसीवर ज्याचे नाव, तो मालक जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून त्या तारखेची नोंद काढा. पॉलिसीची नुसती तारीख बघू नका, सुरू होण्याची वेळही बघा. अपघात सकाळी ११ ला आणि पॉलिसी त्याच दिवशी दुपारी ३ ला, अशी प्रकरणे निघतात.

मागे बसलेला जखमी असेल आणि त्याच दुचाकीच्या मालकाविरुद्ध दावा असेल, तर पॉलिसी पॅकेज आहे की नुसती लायबिलिटी, हे आधी पाहा. लायबिलिटी पॉलिसीत पिलियनची, म्हणजे मागे बसणाऱ्याची, जोखीम धरलेली नसते. परवाना किंवा परमिटमध्ये दोष असला तर घाबरून जाऊ नका. पुष्कळदा न्यायाधिकरण कंपनीला आधी भरायला लावते आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. त्यामुळे छोट्या टेम्पोच्या बाबतीत परवान्याचा जुना बचाव आता चालत नाही.

दावा कुठे करायचा हे पक्षकाराच्या सोयीने ठरवा. अपघाताचे ठिकाण, त्याचे राहण्याचे ठिकाण, सामनेवाल्याचे ठिकाण, तिन्ही चालतात. पंढरपूरचा मजूर पुण्यात जखमी झाला तर त्याला दर तारखेला पुण्याला ओढू नका.

दाखल्यातले टक्के आणि कमाईतले टक्के

सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा २०१० चा निकाल पाठ असायला हवा. त्याचे सूत्र असे: डॉक्टर अवयवाचे किंवा शरीराचे अपंगत्व सांगतात, त्या माणसाची कमाई किती टक्के बुडाली हे न्यायाधिकरण ठरवते. या दोन आकड्यांमधले अंतर पुराव्याने भरून काढायचे असते.

समजा ३४ वर्षांचा सेंट्रिंगचा मिस्त्री आहे, महिना १५,००० रुपये कमावणारा. डाव्या पायाच्या नडगीची दोन्ही हाडे मोडली, वाकडी जुळली, पाय अडीच सेंटीमीटरने आखूड झाला, घोटा आखडला. दाखला डाव्या पायाच्या ४० टक्क्यांचा. विमा कंपनी म्हणणार, संपूर्ण शरीराचे अपंगत्व १५ टक्केच. आता हिशेब करा. वर्षाचे १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, म्हणजे ७२,००० धरून २,५२,०००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक (वार्षिक उत्पन्नाला गुणायचा आकडा) १६, म्हणून ४०,३२,०००. कमाईचे नुकसान १५ टक्के धरले तर ६,०४,८०० रुपये, आणि ६० टक्के सिद्ध केले तर २४,१९,२०० रुपये. पाय तोच, दाखला तोच, फरक १८ लाखांचा.

जखमीच्या दाव्यात मृत्यूच्या दाव्यासारखी स्वतःच्या खर्चाची एक तृतीयांश कपात होत नाही. कंपनीच्या हिशेबात ती गुपचूप बसवलेली आढळते, नजर ठेवा. भविष्यातली वाढ जखमींनाही मिळते, हेही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध केले. हात गेलेल्या डेटा एंट्री ऑपरेटरचे ते प्रकरण होते आणि तिथे कमाईचे नुकसान ६५ टक्के धरले गेले.

साठ टक्क्यांपर्यंत पोचायला दोन साक्षीदार लागतात. पहिला डॉक्टर. दाखल्यावर सही करणारा सिव्हिल हॉस्पिटलचा डॉक्टर आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर वेगवेगळे असतील तर शक्यतो दोघेही तपासा. 'तुम्ही याच्यावर उपचार केलेच नाहीत ना?' हा कंपनीचा पहिला प्रश्न असतो. दाखला हाड जुळून आणि फिजिओथेरपी संपून मगच घ्या. लवकर घेतलेला दाखला तात्पुरता म्हणून बाजूला पडतो. डॉक्टरांच्या शपथपत्रात 'रुग्णास ४० टक्के अपंगत्व आहे' एवढेच वाक्य नको. कोणत्या तारखेला तपासले, कोणता एक्स-रे पाहिला, घोट्याची हालचाल गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचे साधन) किती अंश भरली आणि दुसऱ्या पायाची किती, आखूडपणा कसा मोजला, मांडीचा घेर किती घटला आणि कोणत्या मार्गदर्शक तत्त्वांवर टक्के काढले, हे सगळे यायला हवे. त्यानंतर रोजच्या हालचाली: उकिडवे बसता येते का, मांडी घालता येते का, शिडी चढता येते का, किती वजन उचलून किती वेळ उभे राहता येते.

दुसरा साक्षीदार कामाचा, आणि पुष्कळ फाइलींत तो नसतोच. ठेकेदार किंवा मुकादम आणा. सेंट्रिंगचे काम म्हणजे काय, परांचीवर चढून प्लेट लावणे, सळया डोक्यावर वाहणे, ओल्या स्लॅबवर तोल सांभाळणे, हे त्याने सांगायचे. अपघातानंतर या माणसाला कामावर का घेतले नाही हेही त्यानेच सांगावे. डॉक्टर म्हणतात शिडी चढता येत नाही, मुकादम म्हणतो शिडीशिवाय हे काम नाही. ही दोन वाक्ये रेकॉर्डवर शेजारी शेजारी आली की युक्तिवादाला फारसे काही उरत नाही. कारकुनाचा तोच पाय असता तर टक्के उतरले असते, आणि उतरायलाच हवेत. सरसकट शंभर टक्के मागणारा वकील आपले वजन घालवतो.

उत्पन्नाला पगारपत्रक किंवा फॉर्म १६ नसेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी शोधा. तिला ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे धंदा तरी सिद्ध होतो. पासबुकातल्या नोंदी, मुकादमाने मोबाइलवरून पाठवलेले पैसे, आणि काहीच नसेल तर त्या वेळच्या किमान वेतनाची अधिसूचना. शेतकऱ्याचा नुसता सातबारा पुरत नाही, कारण जमीन तशीच राहते. कसणारा जायबंदी झाला, आता मजूर लावावा लागतो, तो खर्च दाखवा. अपघातानंतर भरलेले प्राप्तिकर विवरणपत्र जोडाल तर त्यावर शिंतोडे उडणारच.

वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अपघाताच्याच प्रकरणात म्हटले आहे. ग्रामीण भागात आधारवर १ जानेवारी ही अंदाजे टाकलेली तारीख पुष्कळांची असते. आपल्या मिस्त्रीचे वय आधारवर ३७ दिसले तर गुणक १६ चा १५ होतो, आणि ६० टक्क्यांवर १,५१,२०० रुपये जागेवर कमी होतात.

बिले

बिलांचा गठ्ठा जसाच्या तसा जोडू नका. तारीखवार तक्ता करा: अनुक्रमांक, तारीख, दवाखाना किंवा मेडिकल, बिल नंबर, रक्कम. मग चाळणी लावा. अॅडव्हान्सची पावती आणि अंतिम बिल दोन्ही बेरजेत धरलेली असतात, त्यातली पावती काढा. पेशंटचे नाव नसलेली, चिठ्ठीशिवायची, डिस्चार्जनंतर पण कोणत्याही तपासणीशी न जुळणारी बिले वेगळी करा. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून फुकट झाले असतील तर तो खर्च मागू नका. उलट पक्षकाराने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम वजा होत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवले आहे. दवाखान्याच्या मोठ्या बिलासाठी तिथल्या हिशेबनिसाला समन्स काढा.

खर्चाची बाकीची खाती विसरली जातात ती अशी: पायातली रॉड किंवा प्लेट काढण्याचे पुढचे ऑपरेशन (डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घ्या), उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई, सोबतीला थांबलेल्या बायकोची मजुरी, पौष्टिक आहार, दवाखान्याच्या फेऱ्यांचे भाडे. वेदना आणि जगण्यातल्या सुखाला मुकणे ही खाती वेगवेगळी मांडा. कृत्रिम पाय असेल तर तो काही वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून एकाच पायाची किंमत मागणे चूक. न्यायाधिकरण मागणीपेक्षा जास्त देऊ शकते, तरी आकडे आपणच नीट मांडलेले बरे.

साक्ष

पक्षकाराचे सरतपासणीचे शपथपत्र तो बोलतो त्या मराठीत करा आणि सही घेण्याआधी त्याला वाचून दाखवा. 'सदर इसम अतिवेगाने व हयगयीने' असली वाक्ये घातली की उलटतपासात 'हयगय म्हणजे काय?' असे विचारून त्याला कोंडीत पकडतात.

ठरलेले प्रश्न असतात. तुम्ही आज इथे कशाने आलात? सध्या काय करता? घरखर्च कोण चालवते? तो आता वॉचमनचे काम करत असेल, तर ते शपथपत्रातच लिहा. महिना ७,००० मिळतात हे आपणहून सांगितले की तेच कमाई घटल्याचा पुरावा होते. लपवले आणि कंपनीच्या तपासनिसाने गेटवरचा फोटो आणला, तर बाकीची साक्षही संशयात जाते. चालताना काठी लागत नसेल तर कोर्टात काठी आणू देऊ नका.

मालक आणि चालक हजर झाले नाहीत की कंपनी कलम १७० खाली परवानगी घेऊन सगळ्या मुद्द्यांवर लढते. परवानगी घेतली नसेल आणि तरी निष्काळजीपणावर उलटतपास चालू असेल, तर हरकत त्याच वेळी नोंदवा.

तडजोड आणि निवाडा

लोक अदालतीत बसण्यापूर्वी स्वतःचा हिशेब व्याजासह तयार ठेवा. कंपनी 'सगळे मिळून ११ लाख' म्हणते. तीन वर्षे जुन्या दाव्यात १० लाखांवर साडेसात टक्क्यांनी २,२५,००० व्याज होते, म्हणजे तो देकार प्रत्यक्षात दहा लाखांच्याही खालचा आहे. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे पक्षकाराला सहीआधी सांगा, आणि पुरशिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) रक्कम, व्याज व भरण्याची तारीख तिन्ही लिहा. तरीही पुरावा लंगडा असेल, किंवा पक्षकाराला ऑपरेशनसाठी पैसे आत्ता हवे असतील, तर कमी रकमेची तडजोडही शहाणपणाची ठरते.

निवाड्याची रक्कम ३० दिवसांत जमा करायची असते. अपील उच्च न्यायालयात ९० दिवसांत. वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपीलच नाही. कंपनीने अपील केले तर स्थगिती अर्जाच्या वेळी हजर राहून काही रक्कम काढून घेण्याची परवानगी मागा, नाहीतर पैसा वर्षानुवर्षे कोर्टात पडून राहतो. पक्षकाराचे बँक खाते, आयएफएससी, पॅन आणि आधार अर्जासोबतच जोडलेले असावे. खाते एकट्याच्या नावाचे आणि चालू असावे. व्यवहार नसल्याने गोठलेल्या जनधन खात्यातून रक्कम परत गेली की पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

न्यायाधिकरण काही रक्कम मुदत ठेवीत ठेवायला सांगते. पुढचे ऑपरेशन ठरलेले असेल तर त्याचे अंदाजपत्रक दाखवून तेवढी रक्कम आधीच मोकळी मागा. ठेव मोडायचा अर्ज नंतर करता येतो, पण तोवर ऑपरेशनची तारीख टळते. कंपनीने मुदतीत पैसे भरले नाहीत तर दरखास्त (निवाड्याच्या वसुलीचा अर्ज) दाखल करा किंवा कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे वसुलीचा दाखला न्यायाधिकरणाकडे मागा. आणि दावा चालू असताना जखमीचा इतर कारणाने मृत्यू झाला, तर फाइल बंद करू नका. वारसांना रेकॉर्डवर आणून तोच दावा पुढे नेता येतो.